ओल्या हातांची सोयरीक

पिंपळीच्या सावळारामाच्या हातांना घाम यायचा. आता घाम कुणाला येत नाही? कुदळ मारणाऱ्याला येतो, मोट हाकणाऱ्याला येतो, उन्हातून चालत आलेल्याला येतो. सावळारामाचं तसं नव्हतं. पौषातल्या थंडीत माणसं घोंगडी पांघरून शेकोटीला बसायची, तेव्हाही त्याच्या तळहातांतून पाणी पाझरत असे. बोटांच्या पेरांवर थेंब जमत आणि मनगटावरून ओघळत. तळपायांचं तेच. नव्या वहाणा घेतल्या की बघता बघता कुजून जायच्या.

मिसरूड फुटायच्या वयात हे सुरू झालं आणि चाळिशी उलटली तरी थांबलं नाही. चावडीत अंगठा उठवायला गेला की कागदावर नुसता शाईचा डाग पडायचा. तलाठी कपाळाला आठी घालून म्हणायचा, "पूस आणि परत लाव." पुसून लावला तरी डागच. खुरप्याची मूठ निसटते म्हणून त्यानं घरातल्या सगळ्या अवजारांच्या मुठींना सुतळी गुंडाळली होती. देवळात प्रसादाला तो हात पुढे करत नसे, उपरण्याचं टोक पसरायचा. लोकांना वाटायचं, माणूस मोठा भाविक आहे.

पण सगळ्यांनाच तसं वाटत नसे. "काळीज कच्चं हाय त्याचं," कुणी म्हणे. "चोराच्या हाताला घाम सुटतो," दुसरा हसत म्हणे. एकदा भावकीतल्या एका म्हाताऱ्यानं त्याच्या तोंडावरच सांगितलं होतं, "ओल्या हातात लक्ष्मी ठरत न्हाय बाबा." खरं तर कालव्याच्या पाण्यावर त्याच्याइतका नेटका मळा पिंपळीत दुसरा नव्हता. वांगी, कोथिंबीर, उसाचा एक तुकडा आणि बांधाला लागून पेरूची झाडं. बारामतीच्या बाजारात बायका त्याच्या पाटीतला पेरू हुंगून बघत आणि दुसरीकडे जातच नसत. तरी चारचौघांत बसला की तो हात मांडीखाली दाबून बसायचा. कुणाच्या खांद्यावर हात ठेवणं त्याला कधी जमलं नाही.

उपाय काय कमी केले? तुरटी चोळली, बाभळीच्या सालीच्या काढ्यात हात बुडवून बसला, राख फासली. नरसिंहपूरला जाऊन संगमावर अंघोळ केली, देवाला नवस बोलला. शेवटी बारामतीत नवा डॉक्टर आला होता, त्याच्याकडे गेला. डॉक्टरानं नाडी बघितली, छातीला नळी लावली, तळहात उलटसुलट केले.

"काळजाचा रोग नाही," तो म्हणाला. "लागटही नाही. काही माणसांचं शरीरच असं असतं. माझ्याकडे बरेच येतात असे."

"बरेच?" सावळारामाला खरं वाटेना.

"बरेच. बाया, पुरुष, सगळ्या जातींचे. आणि सगळे हात पाठीमागे धरून येतात. औषध मात्र माझ्याकडे नाही. तुम्हाला खोटं सांगत नाही."

औषध नाही म्हटल्यावर वाईट वाटायला हवं होतं, पण त्या दिवशी सावळाराम बाजारभर लोकांचे हात बघत हिंडला. त्या 'बऱ्याच' माणसांतलं एखादं तरी दिसेल म्हणून. एकही दिसलं नाही.

वर्षातले गुऱ्हाळाचे दिवस तेवढे त्याला आवडायचे. चुलवण पेटलेलं, काहिलीत रस उकळतोय, वाफेनं समोरचं माणूस दिसत नाही, अशा वेळी गूळ करणाऱ्या गुळव्यापासून चिपाडं टाकणाऱ्यापर्यंत सगळे निथळत असत. तिथं सावळाराम चारचौघांतला एक होऊन जायचा. उपरणं बाजूला फेकून तो मोकळ्या हातांनी वावरायचा आणि मोठ्यानं बोलायचा.

आपल्यापुरतं त्यानं हे सगळं गिळलं होतं. पण त्याची एकुलती एक पोरगी सारजा तेराव्या वर्षाला लागली, आणि एके दिवशी वाकळ शिवताना तिची सुई गंजलेली त्याला दिसली. त्यानं तिचा हात हातात घेतला. दोन्ही ओले. कुणाचं पाणी कुणाचं, ते कळेना. त्या दिवशी त्याला भाकर गोड लागली नाही.

सारजेला मात्र त्याचं फारसं काही वाटत नसे. ती पदराला हात पुसायची आणि पुढच्या कामाला लागायची. पुन्हा ओले झाले की पुन्हा पुसायची. मैत्रिणी फुगडीला तिचे हात धरायला कचरायच्या, तेव्हा ती म्हणायची, "मनगट धरा की गं," आणि अशी गरगरा फिरायची की धरणारीलाच चक्कर यायची.

ती सोळाची झाली, तशी स्थळं बघायला सुरुवात झाली. नीरेकडचे पाहुणे पहिल्यांदा आले. त्या सकाळी सावळारामाची बायको प्रयागबाई हिनं पोरीच्या तळहातांवर तुरटी घासली, वर राख चोळली, आणि सावळारामानं बजावलं, "मुठी मिटून बस. सुपारी दिली तर पदरात घे."

सारजा पाटावर मुठी मिटून बसली. नाव सांगितलं, गाव सांगितलं, चालून दाखवलं. मग मुलाच्या आईनं सहज तिचा हात हातात घेतला आणि बोटं उघडून बघितली. राखेचा ओला चिखल झाला होता. त्या बाईनं आपला हात मागं घेतला आणि लुगड्याला पुसला, एकदा पुढून, एकदा मागून. सावळारामानं ते पुसणं बघितलं, आणि सारजा ते बघत होती हेही बघितलं. पाहुणे पोहे खाऊन गेले. निरोप आलाच नाही.

"तात्या," दोन दिवसांनी सारजा त्याला मळ्यात म्हणाली, "मला हात ओलं असल्याचं कायबी वाटत न्हाय. मुठी मिटून बसल्याचं वाटलं. चोरी केल्यावानी."

सावळाराम पेरूच्या फांदीची काटकी मोडत उभा राहिला.

त्याच दिवसांत बिरू धनगराची मेंढरं त्याच्या रानात बसली होती. दरसाल पिकं निघाली की बिरू यायचा, रान खतवून जायचा. बारामतीपासून इंदापूरपर्यंत त्याचं पायाखालचं. दुपारी बाभळीच्या सावलीला दोघं बसले असताना सावळारामानं झालेलं सांगितलं. बिरूनं पायातल्या वहाणा काढल्या आणि पाय पुढे केले. टाचेपासून बोटांपर्यंत पाय पाण्यात बुडवून काढल्यासारखे होते.

"ह्ये बघा. माझ्या वहाणंचा वास मेंढरास्नी ठावं हाय. अंधारात न्हाय दिसलो तरी बरोबर माझ्या मागं येत्यात," तो म्हणाला.

"कधी बोलला न्हाईस."

"तुमी तरी कुठं बोललासा? म्या गावोगाव फिरतो, तात्या. कुणाचं हात, कुणाचं पाय, कुणाच्या काखा भिजून कुडतं फाटतंय. प्रत्येक गावात हाय. पर ज्यो त्यो झाकून ठेवतो, आन ज्याला त्याला वाटतं, जगात म्या एकलाच."

बिरू मेंढरांकडे निघून गेला. सावळाराम तिथंच बसून राहिला आणि कितीतरी वेळ त्यानं आपले दोन्ही तळहात उन्हात उपडे, मग उताणे धरून बघितले. मुठींना सुतळी बांधून ह्याच हातांनी त्यानं खडकाळ रान फोडलं होतं. कालव्याचं पाणी आल्यावर चर ह्याच हातांनी काढले होते. बापाच्या माघारी दोन भावांची लग्नं ह्याच हातांनी केली होती. एवढं करूनही आपण हे हात मांडीखाली दाबून बसतो, याची त्याला पहिल्यांदाच लाज वाटली. घामाची नव्हे, दाबून बसण्याची.

माघात दुसरं स्थळ चालून आलं. डाळजचे आबासाहेब, घरचे खाऊन पिऊन सुखी, पोराचं नाव रामहरी. गुऱ्हाळ चालू होतं तेव्हाच ते यायचे ठरले. सकाळी प्रयागबाई तुरटीचा खडा घेऊन सारजेकडे गेली. सारजेनं हात मागं घेतले.

"न्हाय आई. या बारीला न्हाय."

"अगं, डोकं फिरलंय का तुझं? एक स्थळ गेलं..." प्रयागबाईनं नवऱ्याकडे बघितलं. "तुमी तरी सांगा तिला."

"ऱ्हाऊ दे त्यो खडा," सावळाराम म्हणाला. "मीच सांगणार हाय त्यांस्नी. बसल्या बसल्या, आधीच."

प्रयागबाई मटकन चुलीपाशी बसली. "आपल्या तोंडानं आपल्या लेकराचं उणं सांगायचं? पोरगी घरात ऱ्हाईल. मग म्हातारपणी बघत बसा दोघं."

"उणं न्हाय त्ये. लपवलं तर उणं. तू इतकी वरसं नांदलीस माझ्यासंगं. तुला माझ्या हाताचा कधी किळस आला?"

प्रयागबाईच्या डोळ्यांत पाणी आलं. तिनं पदराच्या टोकाला डोळे पुसले आणि हळूच म्हणाली, "झोपलात का कोरडं हुत्यात तुमचं हात. कापसावानी. तुमाला कुठं ठावं." मग तुरटीचा खडा तिनं कोनाड्यात नेऊन ठेवला.

दुपारी बैलांची दमणी दाराशी आली. आबासाहेब उतरले, भरदार मिशांचे, पांढरं पागोटं. त्यांच्या मागोमाग त्यांची थोरली बहीण चंद्राबाई. कपाळाला ठसठशीत कुंकू, पण सासर सुटलेली. तरणी असतानाच माहेरी परत आली ती कायमची, एवढं सावळारामाला मध्यस्थाकडून कळलं होतं. सगळ्यात शेवटी रामहरी उतरला, मान खाली घालून. पाय धुवायला पाणी दिलं, काकवी आणि गरम गूळ आणून ठेवला. गुऱ्हाळाचा वास घरभर होता.

आबासाहेबांनी बोलणं काढायच्या आतच सावळाराम उठून उभा राहिला. हातांतून धार लागल्यासारखी झाली होती. त्यानं दोन्ही हात सरळ पुढे केले, तळवे वर.

"आबासाहेब, पोरगी दावायच्या आदुगर एक सांगतो. ह्ये माझं हात. हिवाळा असो, उन्हाळा असो, ह्ये असंच भिजत्यात. भ्यालोय म्हणून न्हाय, चोरी केली म्हणून न्हाय. जन्माची ठेवण हाय. माझ्या सारजेचंबी असंच हाय. डाक्टरला दावलंय, काळजाला कायबी झालेलं न्हाय, कुणाला लागतबी न्हाय. तिच्या पोराबाळांत एखाद्याला यील, एखाद्याला येणार न्हाय, त्ये मला सांगता यायचं न्हाय. तिच्या हाताला काम म्हणाल तर समदा पेरूचा बाग तिनं जपलाय. चालत आसंल तर बघा. न्हाय तर गूळ खाऊन जावा, आमाला राग न्हाय."

ओसरीवर गुऱ्हाळावरून चरकाचा करकर आवाज तेवढा येत होता. आबासाहेबांनी मिशीवरून हात फिरवला. ते काही दुष्ट नव्हते, पण सून करून न्यायची म्हणजे सात जागी विचार करावा लागतो.

"पाव्हणं," ते सावकाश म्हणाले, "तुमी सरळ सांगितलंत, हे बरं केलंत. पर गावात चार तोंडं हायती. उद्या हळदीकुंकवाला बायका काय म्हणतील? पंगतीला वाढाय कोण हिला पुढं करील?"

तेवढ्यात सारजा आतून बाहेर आली. तिला अजून कुणी बोलावलं नव्हतं. हिरवं लुगडं, डोक्यावर पदर. ती पाटावर बसली आणि हात मांडीवर उताणे ठेवून बसली. चेहरा शांत होता. सावळारामाला वाटलं, ही पोरगी आपल्यापेक्षा कितीतरी मोठी झाली.

"नाव काय गं तुझं?" आबासाहेबांनी रीतीप्रमाणे विचारलं.

"सारजा सावळाराम," ती म्हणाली. बापाचं नाव घेताना आवाज जरासुद्धा कापला नाही.

मग चंद्राबाई जागची उठली. सगळ्यांना वाटलं, मुलीला कुंकू लावायला उठली असेल. ती सारजेसमोर बसली आणि इतका वेळ पदराखाली असलेले आपले दोन्ही हात तिनं बाहेर काढले. सारजेचे हात तिनं त्यात घेतले. ओसरीवरच्या उजेडात चारही हात सारखेच चमकत होते.

"आबा," ती भावाला म्हणाली, वळून न बघता, "मी सासरी नांदले न्हाय, तापट हाय, माझं पटलं न्हाय, असं तू आजवर लोकांस्नी सांगत आलास. तुला तसंच सांगितलं हुतं. मला ह्याच्यापायी परत धाडलं. नवऱ्यानं हात धरला आन झटकला. आठ दिवसांत गाडीत घालून पोचती केली. आई म्हणाली, बोलू नगंस, धाकट्या दोघींची लग्नं हुयाची हायती, घराला बट्टा लागंल. म्हणून गप ऱ्हायले."

आबासाहेबांचं तोंड उघडंच राहिलं. "अक्का... मला वाटायचं, तू सारखी पाण्यात काम करतीस म्हणून हात ओलं असत्यात."

"पाण्यात काम करायचं मी शोधून काढायचे," चंद्राबाई म्हणाली. "म्हंजी कुणी इचारू नये. आज ह्या बापानं उठून जसं सांगितलं, तसं आपल्या बापानं एकदा सांगितलं असतं, तर मी अशी ऱ्हायले नसते. पोरगी नगं म्हणायची तर म्हण. पर हातावरनं न्हाय. हातावरनं म्हणालास, तर मी उद्यापासनं तुझ्या घरात भाकरी थापायची न्हाय."

आबासाहेब खाली बघत बसले. पागोटं काढून त्यांनी मांडीवर ठेवलं. ते बोलायला लागले, तर त्यांच्या आधी रामहरीच बोलला. बापासमोर तोंड उघडायची त्याला सवय नव्हती, म्हणून आवाज फाटकाच निघाला.

"आबा, आई गेल्यावर मला आत्यानं वाढवलं. तिच्याच हातचं खाऊन मी एवढा झालो."

एवढंच बोलून तो लालबुंद झाला. पण तेवढं पुरलं. आबासाहेबांनी पागोटं पुन्हा डोक्यावर चढवलं, नीट बसवलं, आणि सावळारामाला म्हणाले, "पाव्हणं, नारळ आणा. आन अक्का, कुंकू तूच लाव. पहिलं तूच."

प्रयागबाई दाराआड उभी होती. नारळ आणायला आत गेली ती बराच वेळ बाहेर आलीच नाही. सावळाराम बघायला गेला, तर नारळ पोटाशी धरून ती रडत होती आणि हसतही होती.

फाल्गुनात पिंपळीला लग्न लागलं. आबासाहेबांनी चंद्राबाईला करवलीपासून वाढप्यांपर्यंत सगळ्यांच्या पुढं ठेवलं होतं. पंगतीत लाडू वाढायला तीच उभी राहिली, आणि भाऊ तिच्या मागं पाण्याचा तांब्या घेऊन चालत होता. कुणी काही बोललं असेल तर ते त्यांच्यापर्यंत आलं नाही. आलं असतं तरी त्या दिवशी त्यांना ऐकू गेलं नसतं.

माघातली गोष्ट पाहुण्यांनी गावोगाव नेली होतीच. जेवणं झाल्यावर सावळाराम मांडवात पान लावत बसला, तसे एकेक जण त्याच्याजवळ सरकू लागले. इंदापुराकडचा एक शिंपी आला. कापडाला डाग पडतात म्हणून तो आयुष्यभर फडकं गुंडाळून कात्री धरत आला होता. आबासाहेबांचा एक मेहुणा आला, पैलवानकी केलेला माणूस, मान खाली घालून म्हणाला, "कुस्ती सोडली त्ये ह्याच्याचपायी. तेल लावून आलाय म्हणत्यात." सावळारामाच्या भावकीतल्या एका चुलत बहिणीनं येऊन पदर बाजूला करून आपले ओले हात दाखवले. आणि ज्यानं लक्ष्मीचा टोमणा मारला होता, तो म्हातारा सगळ्यांत शेवटी आला, बसला, आणि नुसता आपला तळवा उघडून दाखवून गेला.

सावळाराम त्या प्रत्येकाशी बोलला. त्याच्याजवळ सांगायला औषध नव्हतं, आणि ते तो पहिल्यांदाच सांगून टाकायचा. पण माणसं जाताना ताठ चालत गेली, हे त्यानं मांडवातून बघितलं. सारजेची पाठवणी झाली तेव्हा सगळे रडले, तोही रडला. दमणी कालव्याच्या पुलावरून पलीकडे गेली आणि दिसेनाशी झाली, तेव्हा त्याच्या मनात दुःखाच्या बरोबरीनं दुसरंच काही भरून आलं होतं. आपण फार मोठं काही केलं नाही, पण केलं ते आपल्याच्यानं झालं, असं काहीतरी.

दुसऱ्या वर्षी पेरूचा बहर चालू असताना डाळजहून निरोप आला. सारजा खुशाल होती. घरचा भाजीचा सगळा मळा आता तिच्या हाताखाली होता, आणि चंद्राबाई तिला सोडून कुठं जात नव्हती. पण निरोप वेगळाच होता. इंदापुराच्या पलीकडं एका घरात पोरीचं लग्न मोडायला आलं होतं. कारण हेच. सारजेनं कळवलं होतं, 'तात्या, तुमी या. त्यांस्नी तुमीच सांगा.'

प्रयागबाईनं भाकरी बांधून दिल्या. सावळारामानं नवं पागोटं बांधलं, मळ्यातले निवडक पेरू पाटीत भरले आणि पहाटेच्या गाडीनं निघाला. दुपार टळताना तो त्या अनोळखी घराच्या ओसरीवर जाऊन बसला. समोर दोन्हीकडची माणसं तोंडं फिरवून बसली होती. कोपऱ्यात मुलीचा बाप मान खाली घालून बसला होता, हात मांडीखाली दाबून. सावळारामानं त्याच्याकडं बघितलं, उठून त्याच्या शेजारी जाऊन बसला आणि बोलायला लागला.

"राम राम मंडळी. मी सावळाराम, पिंपळीचा. डाळजच्या सारजेचा बाप."

मुलीच्या बापानं मान वर केली.